काँगो नदीचं काळं पाणी कोल्हापुरात घरच्या टाकीत कसं उभं करायचं

"आफ्रिकन टाकी करायची आहे" असं कुठल्याही फिशच्या दुकानात जाऊन सांगा, समोरचा पिवळे-निळे मलावी सिक्लिडच दाखवणार. मासे छान आहेत, पण ते मलावी तलावातले, तिथलं पाणी जड (क्षारांनी भरलेलं) आणि अल्कधर्मी, म्हणजे आंबटच्या उलट बाजूला झुकलेलं, काठाशी दगडच दगड. त्याच आफ्रिकेत मध्यभागी विषुववृत्तावर काँगो नदीचं जंगल आहे आणि तिथली गोष्टच उलटी, पाणी मऊ, आंबटसर, रंग कडक कोऱ्या चहासारखा, तळाला पानांचा थर. हे दुसरं आफ्रिका घरात आणायचं असेल तर काय काय करावं लागतं ते सविस्तर सांगतो, कारण मराठीत यावर कुणी नीट लिहिलेलं मला तरी सापडलं नाही आणि आपल्या कोल्हापुरात पाऊस, पानं, दगड यातलं बरंच काही फुकट मिळतं.

एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. मासे सगळ्यात शेवटी घ्यायचे. ही नदी जंगलामुळे तशी झालीय, त्यामुळे टाकीत पण आधी जंगल आणायचं म्हणजे पानं, लाकूड, त्यांचा अर्क, सावली. ते जमलं की मासे आपोआप खुलतात, आणि ते न करता नुसते काँगो टेट्रा आणून पांढऱ्या लाईटखाली निळ्या खड्यांवर सोडले तर ते फिक्कट पडून कोपऱ्यात उभे राहतात.

आधी नदीचा कुठला तुकडा ते ठरवा

काँगो नदी म्हणजे एक नदी नाही असं समजूनच चाला. लांबी सुमारे ४,७०० किलोमीटर, खोरं जवळपास ३७ लाख चौरस किलोमीटर म्हणजे आख्ख्या भारतापेक्षा मोठं, आणि पाण्याच्या बाबतीत जगात ॲमेझॉननंतर हिचाच नंबर, समुद्रात सेकंदाला सरासरी ४० हजार घनमीटरच्या आसपास पाणी ओतते. विषुववृत्त ती दोनदा ओलांडते, त्यामुळे खोऱ्याच्या उत्तरेत पाऊस कमी असतो तेव्हा दक्षिणेत चालू असतो आणि उलट. आपली पंचगंगा जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधारा पाण्याखाली घालते आणि मे महिन्यात पार आटते, तसं तिकडे होत नाही. पाणी वर्षभर बऱ्यापैकी भरलेलं राहतं, किन्शासाजवळ मोठा फुगवटा नोव्हेंबर-डिसेंबरला आणि छोटा एप्रिल-मेला येतो. टाकीसाठी याचा अर्थ एवढाच की तापमान आणि पाणी स्थिर ठेवायचं, झटके द्यायचे नाहीत.

आता तुकडे. वरच्या भागात नदीला लुआलाबा म्हणतात, किसांगानीजवळ बोयोमाचे सात धबधबे लागतात, तिथे वागेनिया लोक प्रवाहात लाकडी तिकाटणी उभी करून त्याला मोठमोठ्या शंकूच्या आकाराच्या टोपल्या बांधून मासे धरतात. तिथून किन्शासापर्यंत साधारण १,७०० किलोमीटर नदी संथ, रुंद, बेटांनी भरलेली, बोटी चालतात. याच पट्ट्यात दोन्ही बाजूंना ते प्रचंड दलदलीचं जंगल आहे ज्याला क्युव्हेट सेंट्राल म्हणतात. मग किन्शासा आणि ब्राझाव्हिल या समोरासमोरच्या दोन राजधान्या, आणि त्यांच्या खाली मताडीपर्यंत जवळपास ३५० किलोमीटर नुसता खळखळाट, नदी तिथे सुमारे २७० मीटर खाली उतरते आणि काही ठिकाणी २०० मीटरपेक्षा जास्त खोल आहे, जगातली सगळ्यात खोल नदी हीच.

या खालच्या खळखळाटातले मासे वेगळेच. बफेलोहेड नावाचा सिक्लिड आहे, त्याची हवेची पिशवी लहान झालीय त्यामुळे तो पोहण्यापेक्षा दगडावरून दगडावर उड्या मारत सरकतो, प्रवाहात वाहून जायला नको म्हणून. आणि अगदी खोलात लॅम्प्रोलोगस लेथॉप्स नावाचा आंधळा, पांढरट सिक्लिड राहतो. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीच्या मेलानी स्टियास्नी यांच्या टीमला हे मासे वर येताना मरत असलेले मिळाले, अंगात हवेचे बुडबुडे, म्हणजे इतक्या खोलातून वर फेकले गेले की दाब सहन झाला नाही. यावरूनच नदीची खोली मोजायचा नाद लागला म्हणतात तो उगाच नाही. बफेलोहेडची टाकी करायची असेल तर मोठे गोल दगड, दोन पॉवरहेड (पाण्याला जोर देणारे छोटे पंप), भरपूर प्रवाह, पानं जवळपास नाहीत. ते सोपं आहे, त्यावर जास्त बोलत नाही.

मला जे सांगायचंय ते मधल्या दलदलीच्या जंगलाबद्दल. म्बांडाका शहराजवळ रुकी नावाची नदी काँगोला मिळते, तिचं पाणी इतकं काळं की मोठ्या काळ्या नद्यांमध्ये ती जगात सगळ्यात गडद धरली जाते, २०२३ मध्ये त्यावर झुरिचच्या संशोधकांचा पेपर आला, ॲमेझॉनकडच्या रिओ निग्रोपेक्षासुद्धा गडद. कारण साधं आहे. जंगल सपाट आहे, पाणी महिनोन्‌महिने झाडांच्या बुंध्यात उभं राहतं, पानं-फांद्या त्यात भिजतात, त्यांचा अर्क उतरतो, पण पाण्यात ऑक्सिजन कमी म्हणून कुजणं पूर्ण होतच नाही. मग अर्धवट कुजलेल्या पानालाकडाचा थर साचत जातो, त्याला पीट म्हणतात. तिथलं पीट १,६७,६०० चौरस किलोमीटर पसरलंय असा अंदाज आहे, म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त, आणि त्यात साधारण ३,००० कोटी टन कार्बन अडकून बसलाय. हे पीट इतकं मोठं आहे हे जगाला नीट कळलं ते २०१७ मध्ये. ते जंगल तोडलं, पाणी काढून टाकलं की तो कार्बन हवेत जाणार, त्यामुळे टाकी करणाऱ्याने तरी हे माहिती करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

टाकी आणि स्टँड

चार फूट लांब, दीड रुंद, दीड उंच. पाणी साधारण अडीचशे लिटर बसतं. यापेक्षा लहान नको, काँगो टेट्राला लांबीत पळायला जागा लागते. काच १० एमएमची घ्या, लोकल टाकी बनवणाऱ्याकडून करून घेतली तरी चालते पण वरच्या पट्ट्या लावायला सांगा. पाणी, वाळू, काच मिळून वजन सव्वातीनशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे लोखंडी स्टँड, खाली थर्माकोल, आणि जुन्या वाड्यात माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर टाकी वर नको, तळमजल्यावर भिंतीकडेला ठेवा. झाकण पाहिजेच, पूर्ण, फटी नकोत. का ते पुढे येतं.

फिल्टर कॅनिस्टर म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा असेल तर उत्तम, नाहीतर दोन मोठे स्पंज फिल्टर पण चालतात. पाण्याचा वरचा भाग फार हलता कामा नये.

पाणी, सगळं काम इथेच आहे

लेक टुम्बासारख्या तिथल्या काळ्या तलावात पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आंबट) ४ ते ५ च्या दरम्यान असतो आणि क्षार जवळपास शून्य. आपण तिथपर्यंत जायचं नाही. पीएच ६ च्या खाली गेला की फिल्टरमधले अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मंदावतात, केएच (पीएच स्थिर धरणाऱ्या कार्बोनेटचं माप) शून्य झालं की पीएच एका रात्रीत कोसळू शकतो. म्हणून टार्गेट असं ठेवा: पीएच ६.२ ते ६.८, केएच २ च्या आसपास, टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० च्या खाली, तापमान २४ ते २७. यात हे मासे मजेत राहतात.

नळाचं पाणी घेतलं तर क्लोरीन काढायला अँटिक्लोरीन किंवा रात्रभर एअरपंप लावून बादलीत ठेवणं. बोअरचं पाणी मात्र जड निघतं, ते या टाकीला अजिबात नको. मऊ पाणी कुठून आणायचं, तर दोन रस्ते, एक आरओ आणि दुसरा पाऊस. आणि आपल्याकडे पाऊस म्हणजे काय सांगायला नको, जून ते सप्टेंबर पन्हाळ्याकडून, गगनबावड्याकडून ढग येतात ते चार-चार दिवस थांबत नाहीत. पावसाचं पाणी हे मुळात मऊच असतं, काँगोच्या जंगलात पण नदीला मिळतं ते हेच.

पण ते धरायची पद्धत आहे. पहिल्या पावसाचं पाणी धरू नका, वळिवाचं तर नाहीच, त्यात पत्र्यावरची धूळ, धूर, कबुतरांची घाण सगळं वाहून येतं. जुलैत झड लागली, छत दोन-तीन दिवस धुऊन निघालं की मग पन्हाळीखाली फूड ग्रेड प्लास्टिकचा ड्रम लावा. स्लॅब असेल तर सिमेंटमुळे पाणी थोडं जड होतं, टीडीएस मीटरने बघा, ३० च्या आत आलं तर बेस्ट. सिमेंटचा जुना पत्रा किंवा नुकताच रंग दिलेला पत्रा असेल तर ते पाणी टाळा. आजूबाजूला उसाला फवारणी चालू असेल त्या दिवसातलं पण नको. ड्रमला झाकण आणि वर बारीक जाळी, नाहीतर डासांची पैदास आणि डेंग्यू घरात. आधी जाड सुती कापडातून गाळा, मग अंधारात ठेवा. दोन भाग पावसाचं आणि एक भाग नळाचं असं मिक्स करून बघा, टेस्ट किटने केएच मोजा, कमी-जास्त करा. ड्रॉप्सवाली किट घ्या, कागदाच्या पट्ट्या अंदाजपंचे दाखवतात.

उन्हाळ्यात साठा संपला की आरओ. घरच्या आरओचं पाणी चालतं फक्त त्यात मिनरल घालणारा फिल्टर असेल तर टीडीएस बघून घ्या.

पानं, लाकूड, वाळू

देशी बदाम कोल्हापुरात कुठे नाही, शाळांच्या आवारात, बागांत, रस्त्याकडेला. त्याची पानं गळायच्या आधी तांबडी होतात, तीच पाहिजेत, पण झाडावरून हिरवी तोडू नका, आपोआप पडलेली, सुकलेली, डाग नसलेली उचला. पान हातात घेऊन चुरडलं तर कुरकुरीत मोडलं पाहिजे, लवचिक वाटलं तर अजून दोन दिवस सावलीत वाळू द्या. फणसाची आणि पेरूची वाळकी पानं पण चालतात. मोठ्या रस्त्याकडेची, गाड्यांच्या धुरातली किंवा औषध मारलेल्या बागेतली घेऊ नका.

धुवा, उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, गार करा, टाका. पहिले दोन-तीन दिवस तरंगतात मग बुडतात. अडीचशे लिटरला सुरुवातीला पंधरा-वीस बदामाची पानं, मग दर दोन आठवड्यांनी पाच-सहा नवीन. जुनी काढायची घाई करू नका, ती जाळीदार होऊन विरघळत जातात, त्यावर जो बुळबुळीत थर येतो त्यात असंख्य बारीक जीव असतात, पिल्लांचं पहिलं जेवण तेच. पाणी दोन आठवड्यात पिवळसर, मग तपकिरी होतं. घरातले म्हणतील पाणी घाण झालंय, त्यांना एका पांढऱ्या कपात काढून दाखवा, वास नसतो, स्वच्छ असतं, फक्त रंग आहे. वास आला तर मात्र पानं जास्त झालीत, निम्मी काढा आणि हवा वाढवा. जंगलातल्या दलदलीत ऑक्सिजन कमी असतो आणि तिथले कित्येक मासे वर येऊन हवा घेतात, पण काँगो टेट्रा तसा नाही, त्याला विरघळलेला ऑक्सिजन लागतो.

लाकूड दुकानातून ड्रिफ्टवूड घ्या, फांदीसारखं, मुळांसारखं पसरलेलं. पुरानंतर पंचगंगेच्या काठाला छान छान ओंडके लागतात, मोह होतो, पण त्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं ते आपल्याला माहितीय, ते नको. तळाला बारीक नदीची वाळू, पांढरी झगझगीत नको, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. दगड टाकायचाच असेल तर आपला काळा पत्थर, तो पाण्यात काही सोडत नाही. जांभा नको, भुगा होतो. संगमरवराचे तुकडे, शिंपले तर बिलकुल नाही. कुठल्या दगडाबद्दल शंका असेल तर त्यावर व्हिनेगर टाका, फेस आला की तो दगड पाणी जड करणार.

झाडं कमीच. गडद पाण्यात उजेडच खाली पोचत नाही त्यामुळे तळाला झाडं नसतात. अनुबियास, आणि बॉल्बिटिस नावाचा आफ्रिकन फर्न, दोन्ही कमी उजेडात जगतात, लाकडाला काळ्या दोऱ्याने बांधा, त्यांचा आडवा कंद वाळूत पुरला तर कुजतो. वरून जलपर्णी आणून टाकू नका. ती मूळची दक्षिण अमेरिकेची, काँगोत १९५० च्या दशकात पसरली आणि तिकडच्या बोटींची वाट अडवते, आपल्याकडे रंकाळ्याचं आणि पंचगंगेचं काय केलं ते बघितलंय.

लाईट मंद, पिवळसर, दिवसाला सात-आठ तास.

आता थांबा. पानं-लाकूड घालून फिल्टर चालू ठेवून चार ते सहा आठवडे मासा टाकायचा नाही. चिमूटभर फिशफूड टाकत राहा, अमोनिया वाढेल, मग नायट्राइट, मग दोन्ही शून्यावर येतील आणि नायट्रेट दिसायला लागेल, म्हणजे फिल्टरमधले बॅक्टेरिया तयार झाले. तेव्हा मासे.

मासे

पहिले काँगो टेट्रा, दहा, त्यात नर चार माद्या सहा. नर आठ सेंटिमीटरपर्यंत जातो, शेपटीच्या मधून एक काळा धागा लांब बाहेर येतो, पाठीवरचा पंख झालरीसारखा. दुकानात लहान असताना राखाडी दिसतात म्हणून लोक घेत नाहीत. त्यांना काळ्या पाण्यात सहा महिने द्या. संध्याकाळी खिडकीतून तिरपा उजेड पडला की अंगावर वर निळा, मधे सोनेरी, खाली पुन्हा निळा-हिरवा असे पट्टे पेटतात, आणि मासा वळला की क्षणात विझतात. हा रंग सरळ वरून येणाऱ्या पांढऱ्या उजेडात दिसतच नाही.

उलटा मांगूर म्हणतात तो सायनोडॉन्टिस निग्रिव्हेंट्रिस, पाच घ्या. हा पाठीवर पोहतो, लाकडाच्या किंवा पानाच्या खालच्या बाजूला पोट वर करून चिकटून राहतो. बाकीच्या माशांची पाठ गडद आणि पोट फिकं असतं, याचं पोट गडद, कारण वरून बघणाऱ्याला याचं पोटच दिसतं. नऊ-दहा सेंटिमीटरच्या वर जात नाही. याच नावाखाली दुसरा मोठा होणारा सायनोडॉन्टिस गळ्यात मारतात, तो दुप्पट वाढतो, लहानपणी फरक कळत नाही, म्हणून तीन-चार सेंटिमीटरची पिल्लं घेऊ नका, जरा मोठे आणि दुकानातच उलटे पोहताना दिसणारे घ्या.

वरच्या थराला बटरफ्लाय फिश, दोनच. तो पानासारखा पाण्याच्या पृष्ठभागावर पडून राहतो, बाजूचे पंख पसरून, आणि वरून किडा पडायची वाट बघतो. उडी जबरदस्त मारतो, म्हणून झाकण. मधल्या थराला एक लेपर्ड बुशफिश, तपकिरी ठिपक्यांचा, वाळक्या पानासारखा तिरका होऊन तरंगत तरंगत सावजाजवळ जातो. तोंड मोठं आहे, म्हणून टेट्रा पाच सेंटिमीटरच्या वर गेल्यावरच आणा.

एलिफंटनोज बघून सगळ्यांना तो पाहिजे असतो. वीज सोडून अंधारात वाट काढणारा मासा आहे, शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी निम्म्याहून जास्त एकटा मेंदू खातो. पण तो जवळपास सगळा जंगलातून पकडून आणलेला असतो, जिवंत किडेच खातो आणि दुकानातच उपाशी असतो. पहिल्या वर्षी घेऊ नका.

कोल्हापुरात हे सगळं एका दुकानात मिळणार नाही. ऑर्डर द्या, मुंबईत कुर्ल्याला किंवा चेन्नईच्या कोळत्तूरकडून येतात. थंडीत पार्सल मागवू नका.

खाणं

नदीला अन्न देतं ते जंगल. फळं, बिया, मुंग्या, वाळवी, अळ्या, सगळं वरून पडतं. म्हणून नुसते दाणे टाकून भागवू नका. ब्लडवर्म (लाल अळ्या), आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखा जीव) फ्रोजन, आठवड्यातून एकदा उकडलेला वाटाणा सोलून. पहिला पाऊस पडला की संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीचे पंखवाले किडे येतात बघा, ते धरा, पंख काढा, घरात कीटकनाशक मारलेलं नसेल तरच द्या. बटरफ्लाय फिशसमोर एक टाकला की आधी काहीच होत नाही, किडा पाण्यावर थरथरतो, बारीक लाटा गोल गोल पसरतात, आणि त्या लाटा त्याच्यापर्यंत पोचल्या की पुढच्या क्षणी किडा गायब.

डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्री गारठा असतो, २०० वॅटचा हीटर लावा. एप्रिल-मेमध्ये टाकी ३० च्या वर गेली तर झाकणाच्या जागी जाळी टाकून पाण्यावर छोटा पंखा सोडा. वळिवात लाईट जाते ती कधी कधी रात्रभर येत नाही, त्यासाठी बॅटरीवरचा एअरपंप घरात चार्ज करून ठेवाच.

पाणी दर आठवड्याला वीस टक्के बदला, नवीन पाणी त्याच मिक्सचं आणि त्याच तापमानाचं.

मासे जास्त झाले, घर बदललं, काहीही झालं तरी रंकाळ्यात, कळंब्यात, नदीत सोडू नका. आफ्रिकेतून आलेली चिलापी १९५२ पासून आपल्या तलावांत आहे आणि आपले स्थानिक मासे मागे पडले, आफ्रिकन मांगूरवर तर देशात बंदी आहे तरी तो नद्यांत सापडतो. दुकानात परत द्या, दुसऱ्या हौशी माणसाला द्या.

टेट्रांची पिल्लं काढायची असतील तर जुलैचा मोका साधा. दहा-पंधरा दिवस पाणी बदलणं थोडं कमी ठेवा, खाणं भरपूर, मग झड लागली की सलग तीन-चार दिवस रोज थोडं थोडं पावसाचं मऊ, एखाद-दोन डिग्री गार पाणी घाला. जंगलात पाणी चढतंय असं त्यांना वाटतं. सकाळच्या उजेडात नर मादीच्या मागे लागतो आणि अंडी झाडात, पानात विखरून पडतात. मोठे मासे ती खातात, म्हणून नर-मादीची जोडी आधीच वेगळ्या दोन फुटी टाकीत, तळाला जावा मॉसचा जाड थर टाकून ठेवा आणि अंडी पडली की दोघांना परत हलवा. टाकी अंधारात ठेवा, पाच-सहा दिवसांनी अंडी फुटतात. पिल्लं पोहायला लागली की पहिला आठवडा मोठ्या टाकीतली एक-दोन जुनी बुळबुळीत पानं त्यांच्यात सोडा आणि इन्फुसोरिया (पाण्यातले अतिसूक्ष्म जीव) द्या, मग ताजा फुटलेला आर्टेमिया, दिवसातून तीन वेळा थोडा थोडा.